म्हातारपणी घरी आलेला कुत्रा आणि तो गेल्यानंतरचे प्रश्न

प्रश्न असा आला आहे: "साधारण दहा वर्षांचा कुत्रा आम्ही प्राण्यांच्या निवाऱ्यातून घरी आणला. त्याचं नाव काळू. अडीच वर्षं तो आमच्याकडे होता. शेवटी मूत्रपिंडं निकामी झाली. त्वचेखाली सलाईन देत होतो, पण शेवटचे चार दिवस त्याने काहीच खाल्लं नाही, तोंडाला उग्र वास यायचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन देऊन त्याला निरोप दिला. त्याचे डोळे उघडेच राहिले आणि थोड्या वेळाने त्याने एक मोठा श्वास घेतला. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आजार आधी कळला असता का? आम्ही घाई केली का? तो रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसायचा, आधीच्या माणसांची वाट बघत होता का? आमची दुसरी कुत्री अजून त्याच्या जागेवर जाऊन हुंगते. लोक म्हणतात, अडीचच वर्षं तर होता. पुन्हा एखादा म्हातारा कुत्रा आणावासा वाटतो आणि भीतीही वाटते."

आधी त्या श्वासाबद्दल सांगतो. तो मनात अडकलेला असेल तर पुढचं काहीच नीट वाचून होणार नाही.

शेवटचं इंजेक्शन हे भुलीचंच औषध असतं. बहुतेक वेळा पेंटोबार्बिटल वापरतात, पण शस्त्रक्रियेसाठी देतात त्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रेत. शिरेतून गेल्यावर ते सर्वांत आधी मेंदूच्या वरच्या थरावर काम करतं, म्हणजे जिथे जाणीव असते आणि जिथे दुखणं कळतं, तिथे. काही सेकंदांत शुद्ध जाते. त्यानंतर श्वासाचं केंद्र बंद पडतं आणि मग हृदय. हा क्रम महत्त्वाचा आहे. श्वास थांबण्याच्या आधीच काळूची जाणीव संपलेली होती. नंतर आलेला तो मोठा श्वास मेंदूच्या अगदी तळातल्या भागाची प्रतिक्षिप्त क्रिया होती. त्यामागे गुदमरणं नव्हतं, धडपड नव्हती. कधी पाय किंचित झटकतो, ओठाची कड थरथरते, लघवी होते. या सगळ्या गोष्टी जाणीव गेल्यानंतरच्या आहेत. डोळ्यांचंही तसंच. पापणी मिटायला स्नायूंचं काम लागतं. झोपेत ते काम चालू असतं, मृत्यूनंतर स्नायू सैल पडतात आणि पापण्या उघड्याच राहतात. त्या उघड्या डोळ्यांनी तो तुमच्याकडे पाहत नव्हता आणि काही विचारतही नव्हता.

हे सगळं इंजेक्शनच्या आधी घरच्यांना समजावून सांगणं हे आम्हा डॉक्टरांचं काम आहे. ते राहून गेलं की माणसं तो एक श्वास वर्षानुवर्षं वाहत राहतात. माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट पुष्कळदा हीच असते, आणि तिचं उत्तर इतकं साधं असतं याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आता, आजार आधी कळला असता का? थोडा आधी कळला असता, कदाचित. टाळता आला असता असं मात्र मला वाटत नाही.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे लाखो सूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्यातले काही निकामी झाले की उरलेले त्यांचं काम आपल्याकडे घेतात. त्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसत राहतं. लघवी घट्ट करण्याची क्षमता घटायला साधारण दोन तृतीयांश काम गेलेलं असावं लागतं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात ते एक टाकाऊ द्रव्य, वाढायला साधारण ७५ टक्के. म्हणजे क्रिएटिनिनचा आकडा रिपोर्टवर पहिल्यांदा वर गेलेला दिसतो तेव्हा आजार बराच जुना झालेला असतो. एसडीएमए नावाची चाचणी थोडं आधी इशारा देते, पण तीही आजाराच्या सुरुवातीला नाही. त्यात म्हाताऱ्या कुत्र्यांची आणखी एक अडचण असते. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. मांड्या, खांदे, पाठ रोडावलेली असली की क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं आणि मूत्रपिंडं थकलेली असूनही आकडा बरा दिसतो. अनुभवी डॉक्टरसुद्धा यात फसू शकतो.

मोठ्या वयाचा कुत्रा दत्तक घेणाऱ्यांची बाजू इथे आणखी पडती असते, आणि ती कुणी लक्षात घेत नाही. पिल्लापासून वाढवलेल्या कुत्र्याचं नेहमीचं सगळं आपल्याला ठाऊक असतं. तो पाणी किती पितो, किती वेळा बाहेर जातो, वजन किती असतं, हे घरातली लहान मुलंसुद्धा सांगतात. काळूचं नेहमीचं काय होतं हे तुम्हाला सांगायला कुणीच नव्हतं. तो जास्त पाणी पीत असेल तर तुमच्यासाठी तेच त्याचं नेहमीचं पिणं होतं. त्याचं 'दहा वर्षं' हे वयसुद्धा अंदाजच. पक्के दात येईपर्यंत, म्हणजे सहासात महिन्यांपर्यंत, दातांवरून वय बऱ्यापैकी सांगता येतं. त्यानंतर दातांची झीज, किटण, डोळ्यांतली निळसर झाक, तोंडावरचे पांढरे केस यांवरून आम्ही जे सांगतो ते दोनतीन वर्षांनी सहज चुकू शकतं. तुमच्या घरी आला तेव्हा काळू बारा वर्षांचा असणंही अगदी शक्य आहे.

म्हणून 'आधी कळायला हवं होतं' हे वाक्य स्वतःला ऐकवताना त्यात 'कशावरून?' हा प्रश्नही घाला. तुमच्याकडे तुलनेला काहीच नव्हतं.

ज्यांच्या घरी सध्या म्हातारा कुत्रा आहे त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. चोवीस तासांत तो किती पाणी पितो ते एकदा मोजा. भांड्यात मापून पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दिवसाला दोन लिटरच्या वर, तर रक्त आणि लघवी तपासून घ्यायलाच हवी. आणि सांधेदुखीने लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात, अगदी थोड्या मात्रेतही. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात आणि तीही तपासण्या करून, वजनावर मात्रा ठरवून द्यायची असतात.

घाई केली का, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्याचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी पुरेशा आहेत: चार दिवस खाणं बंद, तोंडाला उग्र वास, आणि हे सगळं सलाईन चालू असताना. मूत्रपिंडं बाहेर टाकू न शकलेली द्रव्यं रक्तात साचली की सतत मळमळतं, तोंडात आणि पोटात व्रण होतात. तो वास त्याचाच. भूक असूनही तोंड दुखतं म्हणून कुत्रा भांड्याशी जातो, हुंगतो आणि मान फिरवतो. घरच्यांना वाटतं त्याला आज हे आवडलं नाही, म्हणून ते दुसरं काही करून देतात. मूत्रपिंडाच्या आजाराचे चार टप्पे मानले जातात. शेवटच्या टप्प्यात सलाईनने एखादा दिवस बरा जातो, कुत्रा शेपूट हलवतो आणि आपण आशा धरतो. दुसऱ्या दिवशी तो होता तिथेच परत आलेला असतो. शिल्लक राहिलेल्या नेफ्रॉनांची संख्या सलाईनने वाढत नाही.

अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये अशा निर्णयासाठी एक मोजपट्टी मांडली, ती मी अजूनही वापरतो. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यायचे; स्थिती जितकी बरी तितके गुण जास्त, म्हणजे वेदना कमी तर गुण जास्त. एकूण ३५ च्या वर असेल तर पुढे जाण्याजोगं जगणं आहे असं धरतात. आकड्यापेक्षा मला त्यातली शिस्त महत्त्वाची वाटते. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं बसून गुण द्यावेत आणि मग एकत्र पाहावेत. बहुतेक घरांत जो त्याची सर्वांत जास्त उस्तवार करत असतो त्याचे गुण सर्वांत कमी येतात, कारण रात्री तीन वाजता उठून लादी पुसणारा तोच असतो आणि कुत्र्याची अस्वस्थता त्यानेच पाहिलेली असते. तुम्ही काळूसाठी मागे वळून हे गुण देऊन पाहा. शेवटच्या आठवड्याची बेरीज पाहून मग ठरवा घाई झाली का ते.

माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे. बऱ्या होऊ न शकणाऱ्या आजारात चार दिवस आधी निरोप देणं हे एक रात्र उशिरा देण्यापेक्षा बरं. माणसाला पुढच्या चांगल्या दिवसांची कल्पना देता येते. या उपचाराने सहा महिन्यांनी बरं वाटेल हे कळल्यावर तो आज त्रास सोसतो. कुत्र्याला हे कुठल्याच मार्गाने सांगता येत नाही. त्याच्यापुढे फक्त आजची मळमळ असते. म्हणून हिशोब त्याच्या वतीने आपल्याला करावा लागतो, आणि तो ज्याने केला त्याला नंतर अपराधी वाटतं. तुम्हाला वाटतं ते यामुळे. चूक झाली असेल तरच असं वाटतं, असं अजिबात नाही.

दारात बसण्याबद्दल तुम्ही विचारलंत तेव्हा मी जरा थांबलो, कारण मोठा कुत्रा घरी आणणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतो आणि फार थोडे लोक तो उघड विचारतात: हा खरंच आपला झाला का, की नाइलाजाने राहिला?

बुडापेस्टच्या इओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका अनोळखी माणसाने प्रत्येक कुत्र्याबरोबर फक्त तीन वेळा, दर वेळी सुमारे दहा मिनिटं घालवली. त्यानंतर चाचणी घेतली तेव्हा ते कुत्रे त्या माणसाशी, घरचा कुत्रा आपल्या माणसाशी वागतो तशी जवळीक दाखवत होते: त्याच्या मागे जात, दार बंद झाल्यावर तिथेच थांबत, तो परत आला की धावत जात. तीन भेटींत हे होत असेल तर अडीच वर्षांत काय झालं असेल याची शंका घेण्याचं कारण उरत नाही. प्रौढ कुत्र्याची जीव लावण्याची क्षमता वयाने संपत नाही. निवाऱ्यात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताण दाखवणारं संप्रेरक, पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं हेही मोजलं गेलं आहे. अशा कुत्र्याला एका शांत माणसाचा सहवास मिळाला की तो त्याला धरून ठेवतो.

पण मी पुस्तकी पुराव्यापेक्षा कुत्र्याच्या अंगाकडे बघायला सांगेन. नवीन घरात आलेला कुत्रा सुरुवातीला पोट जमिनीला लावून, पाय अंगाखाली घेऊन झोपतो, म्हणजे लगेच उठता येतं. दार वाजलं की उठतो. तुम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलात की मागे येतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो कुशीवर, पाय पसरून झोपायला लागतो. झोपेत पाय हलवतो, हुंकार देतो. आणि एक दिवस तुम्ही उठून आत जाता तेव्हा तो डोळा किलकिला करून बघतो आणि झोपूनच राहतो. लोकांना वाटतं पाठीपाठी फिरणं म्हणजे प्रेम. मला विचाराल तर पाठीपाठी न येणं ही जास्त मोठी खूण आहे. तुम्ही परत येणार याची त्याला खात्री पटलेली असते. काळू तुमच्या घरात कसा झोपायचा ते आठवून पाहा.

मग तो दाराकडे का बसायचा? कुत्र्यासाठी घरात सर्वांत जास्त घडामोडी दारातच होतात. वास तिथूनच येतात, पावलं तिथेच वाजतात, घरचे बाहेरून येतात ते तिथूनच. तुम्ही घरी यायची वेळ संध्याकाळची होती का? तुम्ही आल्यावर तो दार सोडून तुमच्याबरोबर आत यायचा का? तसं असेल तर तो वाट बघत होता हे खरं, पण तुमची. सगळे घरात असूनही तो अस्वस्थ होऊन तिथे बसत असेल, हाक मारली तर गोंधळल्यासारखा बघत असेल, रात्री येरझाऱ्या घालत असेल, तर ते म्हातारपणातल्या मेंदूच्या झिजेचं लक्षणही असू शकतं. माणसाच्या स्मृतिभ्रंशात मेंदूत जी बीटा अ‍ॅमिलॉइड प्रथिनं साचतात तीच म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही सापडतात, आणि अस्वस्थता संध्याकाळी वाढणं दोघांतही दिसतं. कॅलिफोर्नियातल्या २००१ च्या एका अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५ ते १६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांत अशा झिजेचं किमान एक तरी लक्षण आढळलं होतं.

आणि समजा, त्याला आधीची माणसं आठवतही असतील. कुत्रे जुनी माणसं, त्यांचे वास, आवाज लक्षात ठेवतात. तरी त्यामुळे तुमच्या वाट्याचं काही कमी होत नाही. आधी कुणाला तरी जीव लावलेला कुत्राच तुम्हालाही सहज जीव लावू शकतो.

"अडीचच वर्षं तर होता" असं म्हणणाऱ्यांचा राग करू नका, पण त्यांचं मान्यही करू नका. दुःख किती खरं आहे हे वर्षांवर मोजता येत नाही. जपानमधल्या आझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत राहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई आणि बाळामध्ये काम करतं तेच संप्रेरक. शरीर त्यासाठी दाखला मागत नाही की हा कुत्रा किती वर्षांपासून घरात आहे. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत त्याचा अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये वेगळा विचार मांडला. अशा माणसाला रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, दोन दिवसांनी त्याने हसतमुख असावं अशी अपेक्षा असते. दुःख तितकंच राहतं, त्यात एकटेपणाची भर पडते.

म्हातारा कुत्रा आणणाऱ्यांच्या दुःखात मला आणखी एक गोष्ट वारंवार दिसते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ज्यांनी पिल्लापासून वाढवलं त्यांच्याकडे चपला कुरतडण्यापासून सगळं असतं. शेवटचा आजार त्या लांबलचक आठवणींतला एक तुकडा असतो. तुमच्याकडे मुळात अडीचच वर्षं, आणि त्यातले शेवटचे काही महिने औषधं, सलाईन, रिपोर्ट. त्यामुळे आजाराने आठवणींतली फार मोठी जागा व्यापलेली असते. काळू म्हटलं की आधी सुई आठवते. यावर मी लोकांना एक काम सांगतो आणि ते बऱ्याच जणांना उपयोगी पडतं. फोनमधले फोटो तारखेप्रमाणे लावा आणि आजार कळण्याच्या आधीचे महिने वेगळे काढा. प्रत्येक फोटोखाली त्या दिवशी काय झालं होतं ते दोन ओळींत लिहा. पहिल्यांदा पायऱ्या चढला तो दिवस, पहिल्यांदा भुंकला तो दिवस. अनेक दत्तक कुत्रे पहिले कित्येक दिवस भुंकतच नाहीत, आणि तो पहिला आवाज घरच्यांना नेमका आठवतो. घरातल्या इतरांनाही लिहायला सांगा. मधल्या काळात विसरलेलं पुष्कळ परत मिळतं.

यासोबत आणखी एक भावना असते, ती तुम्ही लिहिलेली नाही, पण असण्याची शक्यता मोठी आहे: सुटल्यासारखं वाटणं. आजारी प्राण्याची दीर्घकाळ उस्तवार करणाऱ्यांवर मानसिक ताण किती असतो यावर २०१७ पासून बरंच संशोधन झालं आहे. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांसारखाच तो ताण असतो. झोप मोडते, बाहेर जाता येत नाही, सतत कान त्याच्याकडे लागलेले असतात. ते संपल्यावर शरीराला हलकं वाटणारच. तो गेला म्हणून तुम्हाला बरं वाटलं, असा त्याचा अर्थ लावू नका. त्याचं मळमळणं आणि तुमचं जागणं दोन्ही एकदम थांबलं, आणि शरीराने ते ओळखलं. मात्र काही आठवडे उलटूनही झोप, जेवण, काम यांची घडी बसत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि कारण मोकळेपणाने सांगा. चांगला तज्ज्ञ 'कुत्राच तर होता' असं म्हणत नाही.

तुमची दुसरी कुत्री हुंगते, शोधते, हे अगदी नेहमीचं आहे. इटलीत ४२६ जणांकडून माहिती घेऊन केलेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. घरातला सोबती कुत्रा गेल्यावर ८६ टक्के लोकांनी आपल्या उरलेल्या कुत्र्यात बदल पाहिले: जास्त लक्ष मागणं, खेळ कमी होणं, झोप वाढणं, भीती, खाणं कमी होणं. दोघांचं सख्य जितकं जास्त तितके हे बदल ठळक, आणि माणसाच्या दुःखाशीही त्याचा संबंध दिसला. म्हणून तिच्यासमोर रडू नका असं मी म्हणणार नाही, पण तिच्या फिरण्याच्या आणि खाण्याच्या वेळा कडक पाळा. त्याचं अंथरूण लगेच धुऊन उचलू नका. ती तिथे जायचं आपोआप कमी करते, तोवर राहू द्या. दीडदोन दिवस तिने काहीच खाल्लं नाही तर मात्र हे दुःखच असेल असं धरून बसू नका, तपासून घ्या. आणि एक विचारून ठेवा: काळूच्या आजारामागे लेप्टोस्पायरोसिसचा संशय कधी घेतला होता का? हा जंतुसंसर्ग मूत्रपिंडं बिघडवतो आणि लघवीतून दुसऱ्या कुत्र्याला आणि माणसालाही होऊ शकतो. काळूचं चित्र हळूहळू वाढलेल्या जुन्या आजाराचं वाटतं, तरी तिची लस वेळेवर झाली आहे ना एवढं पाहाच.

आता पुन्हा आणण्याबद्दल. तुम्हाला वाटणारी भीती रास्त आहे, कारण पुन्हा म्हातारा कुत्रा आणलात तर काही वर्षांनी, कदाचित काही महिन्यांनीच, हेच सगळं पुन्हा होईल. मी याला गोड शब्दांत गुंडाळणार नाही. जो कुणी म्हातारा कुत्रा घरी आणतो तो त्याचं उरलेलं जगणं आणि त्याचं मरणं दोन्ही आपल्याकडे घेतो. काळूच्या बाबतीत तुम्ही ते पूर्ण केलंत, म्हणून मला तुम्ही पुन्हा आणावा असं मनापासून वाटतं. पण किती दिवसांनी याचं उत्तर माझ्याकडे नाही. एक ताळा सांगतो. नव्या कुत्र्याची कल्पना करताना तो काळूसारखाच झोपेल, काळूसारखाच दारात बसेल असं चित्र दिसत असेल तर अजून थांबा. वेगळ्या स्वभावाचा, कदाचित अंगाला हात न लावू देणारा कुत्रा चालेल असं वाटायला लागलं की जा. मधल्या काळात निवाऱ्यातल्या एखाद्या कुत्र्याला थोड्या आठवड्यांसाठी तात्पुरतं घरी ठेवता येतं का ते पाहा.

कुत्रा निवडताना निळसर डोळ्यांना घाबरू नका. साताठ वर्षांनंतर डोळ्यातलं भिंग घट्ट होतं आणि त्यावर निळसर राखाडी झाक येते. मोतीबिंदू वेगळा, तो पांढरा दिसतो आणि नजर अडवतो. या झाकेने बहुतेक कुत्र्यांच्या नजरेत फारसा फरक पडत नाही, तरी आंधळा समजून किती तरी चांगले कुत्रे मागे राहतात. जे खरंच आंधळे असतात तेही सामान न हलवलेल्या घरात लवकर रुळतात. एक पूर्ण आंधळी कुत्री माझ्या उपचाराखाली होती. ती घराच्या उंबऱ्याशी बरोबर पाय उचलायची आणि पाहुण्यांना ती आंधळी आहे हे सांगावं लागायचं.

आणल्यापासून पहिल्या पंधरवड्यात एकदा सगळी तपासणी करून टाका, म्हणजे या वेळी तुलनेला काहीतरी हाताशी असेल: रक्त, लघवी आणि तिचा घट्टपणा, रक्तदाब, दात, छातीची तपासणी, जमल्यास पोटाची सोनोग्राफी, कारण प्लीहेवरची गाठ बाहेरून कळत नाही आणि ती फुटली तर कुत्रा अचानक कोसळतो. वजन दर महिन्याला लिहा. चालतानाचा व्हिडिओ दर दोनतीन महिन्यांनी घ्या, कारण सांधे दुखणारा कुत्रा ओरडत नाही, तो फक्त हळू उठतो, आणि रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. सहसा ३० च्या आत असतात. सलग दोनतीन दिवस त्यापेक्षा जास्त येऊ लागले तर हृदयाची तपासणी लगेच करून घ्या. आधी कळण्याचा उपयोग इथे खरोखर मोठा आहे. हृदयाची झडप गळत असेल आणि हृदय मोठं झालं असेल, पण अजून धाप लागत नसेल, अशा वेळी पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केलं तर हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी १५ महिने पुढे जाते, असं २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे फार मोठा काळ.

घरातल्यांशी एक बोलणं मात्र कुत्रा आणायच्या आधीच करून ठेवा. कुठवर उपचार करायचे, कशाला नाही म्हणायचं, रात्री कोण उठणार, आणि सात बाबींपैकी कोणती घसरली की आपण थांबायचं. हे शांत डोक्याने लिहून ठेवलेलं असलं की पुढे त्या आठवड्यात कुणा एकट्यावर निर्णय येत नाही.

आणि नव्या कुत्र्याची तुमच्या कुत्रीशी पहिली भेट घरात करू नका. बाहेर मोकळ्या जागी, दोघांनाही पट्ट्यावर ठेवून, आधी समांतर चालवा. चेहऱ्याला चेहरा लावून हुंगायला नंतर द्या. घरात शिरताना तिला आधी आत जाऊ द्या. काळूची जागा अजून ती वापरत असेल तर नव्याचं अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात घाला, आणि पहिले काही आठवडे दोघांना खायला वेगवेगळ्या खोलीत द्या.